मोकळ्या वाडग्यातली शिकवणी

३ नोव्हेंबर, सोमवार

शेळ्या गेल्या. उमापूरचा बंकटमामा परवा टेम्पो घेऊन आला आणि बाराच्या बारा शेळ्या घेऊन गेला. आमचा काळू कुत्रा जन्मापासून त्यांच्यातच झोपलेला, तोही मागून उडी मारून चढला. आबांच्या गुडघ्यांना आता रानात फिरणं झेपत नाही. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत आबा उभे होते. मग म्हणाले, "चला, वास गेला एकदाचा," आणि शेळ्यांची पाण्याची बादली घासून पालथी घातली.

मी मात्र मनातून खूश आहे. बीडला तीन वर्षं स्पर्धा परीक्षेचा क्लास लावून, तिन्ही वेळा थोडक्यात हुकून घरी आल्यापासून चकलांब्यातला प्रत्येक माणूस मला विचारतो, "आता काय करायलीस गं मंजुषा?" आता त्याला उत्तर आहे. शेळ्यांचं वाडगं मोकळं झालंय. तीन बाजूंनी दगडमातीच्या भिंती, वर पत्रे, समोर उघडं. तिथे ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांची शिकवणी घ्यायची. लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात, शाळा सुटल्यावर त्यांना कुणी विचारणारं नसतं.

आमच्या गल्लीतली जानकीवहिनी आज दुपारी गेली. सुग्रीवभाऊ बैल घेऊन पुढे, ती ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर, दीड वर्षाचा सत्यम कडेवर. थोरली दीपमाला सात वर्षांची, ती आजीजवळ, साखराबाईंजवळ राहिली. ट्रॉलीत चढायच्या आधी वहिनीने दीपमालाचा हात माझ्या हातात दिला. "आत्याबाईला नीट दिसत न्हाई ताई. तुमीच बघा हिच्याकडं."

"बघते की," म्हटलं मी. म्हणायला काय लागतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

वाडगं झाडलं. लेंड्यांची चार घमेली निघाली. जमीन शेणाने सारवली. भिंतींना भेगा फार आहेत, पण आबा म्हणाले की लिंपायला माणूस मिळेपर्यंत महिना जाईल. मी भेगांवर पाढ्यांचे आणि प्राण्यांचे तक्ते लावले. आता कुणाला कळणारसुद्धा नाही.

सटवाआजा येऊन बघून गेला. धनगराचा म्हातारा, ऐंशीकडे आलेला. जन्म मेंढरांमागे गेला, आता मेंढरं नातू राखतो आणि आजा गावाला सल्ले देतो. म्हणाला, "मोकळ्या वाडग्यात सालभर कुणी बसत नसतं, पोरी. लेकरू तर निजवूच न्हाई. आमी जागा सोडताना जाळ करून निघतो."

"कावून, आजा?"

"कावून ते ठाव न्हाई. आमचा बाप सांगायचा."

मला इतका आनंद झाला! पहिल्या दिवशी काय शिकवावं हा प्रश्न सुटला.

९ नोव्हेंबर, रविवार

शिकवणी सुरू. अकरा लेकरं आली. फळ्यावर लिहिलं: 'अंधश्रद्धा म्हणजे काय?' मग सांगितलं की काही लोक म्हणतात, मोकळ्या वाडग्यात बसू नये. आपण विज्ञानाची माणसं, आपण प्रयोग करून बघणार. सगळ्यांनी भिंतीला पाठ टेकवून तासभर बसायचं.

लेकरांनी श्वास रोखला. विमलबाईंचा नातू अभिमन्यू तेवढा "भूत आलं तर मी धरीन" म्हणाला. दीपमालाला मी आतल्या कोपऱ्यात बसवलं, तिथे वारा लागत नाही. तास झाला. काहीही झालं नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'सिद्ध झाले.' टाळ्या.

बीडच्या सरांनी बघायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज मजा झाली. अभिमन्यू सारखा गुडघ्यामागे खाजवत होता. पाहिलं तर गोचीड, मसुराएवढी, चांगली रुतलेली. लगेच दहा वैद्य गोळा झाले. कुणी म्हणे रॉकेल लावा, कुणी म्हणे तंबाखू, कुणी विडीचा चटका द्यायला निघालं. मी सगळ्यांना बाजूला सारलं, भुवयांचा चिमटा आणला, कातडीजवळ धरून सरळ ओढली. निघाली. वाटलं होतं तसा अभिमन्यू रडला नाही, मलाच घाम आला.

ती गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत ठेवलीय. भिंगातून पाहिलं, आठ पाय! म्हणजे हा किडा नाहीच, कोळ्याच्या कुळातला जीव. हे परीक्षेत लिहून मी मार्क घेतले होते, प्रत्यक्षात पाय कधी मोजले नव्हते. झाकण काढून वर हलकासा श्वास सोडला, तर तिने पुढचे दोन पाय उचलून हवेत धरले, कडेवर घे म्हणणाऱ्या लेकरासारखे. तिला डोळ्यांनी नाही, पायांनी माझा श्वास कळतो. मी वीस वेळा तरी श्वास सोडला असेल. आईने विचारलं, बाटलीत काय फुंकतेस, मी म्हटलं औषध.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आणखी तिघांना. मानेवर, पोटरीवर, काखेत.

काल मोबाईलवर वाचलं. परदेशात गोचीड चावून लेकरांना लाईम नावाचा रोग होतो. चावल्या जागी लाल कडं उमटतं, मधे फिकट, मग ते मोठं मोठं होत जातं. वेळेत कळलं नाही तर सांधे धरतात, तोंड वाकडं होतं. आयांनी आपापल्या लेकरांचे फोटो टाकलेत. मी दोन तास तेच बघत बसले. आई जेवायला हाका मारून थकली.

आज चौघांच्याही चावल्या जागेभोवती स्केचपेनने गोल काढला. गोलाच्या बाहेर लाली गेली की मला सांगायचं. शिवाय वही केलीय: नाव, कुठे चावली, तारीख, त्या दिवशी कुठे कुठे हिंडलास. लेकरांना वहीत नाव यायचा भारी मान वाटतोय. दीपमाला हिरमुसली, "ताई, मला कावून न्हाई चावली?" मी म्हटलं, नशीबवान आहेस.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वहीत आता सहा नावं. तपास चालू आहे.

पहिला संशय बाभळबनावर होता. पण स्वप्ना घरातून शाळा आणि शाळेतून शिकवणी याच्यापलीकडे कुठे जात नाही, तिची आजी फार कडक आहे, आणि स्वप्नाला दोन चावल्या. दुसरा संशय गल्लीतल्या कुत्र्यांवर. त्यांना दगड मारून हाकलायचं फर्मान काढलं. तिसरा संशय कडब्याच्या गंजीवर, तिथे खेळायला बंदी.

एक गंमत लक्षात आली. सहाही जण रोज येणारे आहेत. म्हाळू आणि परमेश्वर, जे आठवड्यातून एकदा तोंड दाखवतात, त्यांना एकही चावली नाही. आळशी पोरांचं रक्त गोचड्यांना आवडत नसावं.

बाटलीतल्या गोचड्या अजून जिवंत आहेत. अन्न नाही, पाणी नाही, तरी ताठ. वाचलं तर काही जाती कित्येक महिने उपाशी राहतात, वाट बघत. केवढा हा धीर.

थंडी पडायला लागली. समोरच्या उघड्या बाजूला आबांची ताडपत्री बांधली. आत छान ऊब धरते. लेकरं भिंतीला चिकटून बसतात, सरका म्हटलं तरी सरकत नाहीत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दीपमाला दोन दिवस आली नाही म्हणून घरी गेले. ताप. चूल पेटवून साखराबाई तिच्या उशाशी बसलेल्या. भिंग घेऊनच गेले होते. हात, पाय, मान, पाठ, केसांत, सगळं तपासलं. ती लाजते, म्हणून कमरेच्या काळ्या दोऱ्यापर्यंतच पाहू दिलं.

लाल कडं कुठेही नाही. हुश्श! वहीत वेगळं पान करून लिहिलं: 'दीपमाला, कडं नाही.' साखराबाईंना सांगितलं, काळजीचं कारण नाही, मी सगळं बघितलंय. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "शिकलेलं माणूस जवळ हाय म्हनून बरं बाई."

२३ नोव्हेंबर, रविवार

ताप उतरत नाही. गावात येणाऱ्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, म्हणाले साथ चालू आहे. डोकं दुखतं म्हणून ती उजेडाकडे बघत नाही. मनगटावर आणि घोट्याजवळ बारीक लाल ठिपके आलेत. साखराबाई म्हणतात बाया आल्या, म्हणजे गोवर-कांजिण्या. त्यांनी उशाला लिंबाचा पाला ठेवलाय, फोडणी बंद, औषध बंद. मी म्हटलं डास चावलेत. त्या म्हणाल्या, "डास असं करीत न्हाई, बाळ." ठिपके तळहातावर आणि तळपायावरही आहेत. डास तळव्याला चावतात का, हे बघायला हवं.

पुन्हा कडं शोधलं. नाही. कडं नाही म्हणजे तो रोग नाही, आणि तो नाही म्हणजे बाकीचं सगळं बरं होणारं, असंच मी स्वतःला सांगतेय.

निघताना दीपमालाने डोळे मिटूनच विचारलं, "ताई, माझं कडं आलं का?"

२४ नोव्हेंबर, सोमवार

हे गेवराईच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहितेय.

सकाळी ती उभी राहीना. साखराबाई बायांच्या धाकाने नेऊ देईनात. शेवटी आबा उंबऱ्यात जाऊन म्हणाले, "वहिनी, काय पाप लागायचं ते मला लागू द्या," आणि स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांनी तिला उचलून रिक्षात घातलं. इतक्या वर्षांत मी आबांना कुणाच्या उंबऱ्यात असं बोलताना पाहिलं नव्हतं.

डॉक्टरबाई तरुण आहेत, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मी न विचारता वही पुढे केली. "मॅडम, मी रोज बघितलंय. लाल कडं आलेलं नाही." त्यांनी वही बाजूला ठेवली, पोरीचे तळवे पाहिले, आणि एकदम भराभर कामाला लागल्या. सगळे कपडे काढायला लावले. कमरेचा काळा दोरा बोटाने वर उचलला. साखराबाईंनी नजर लागू नये म्हणून बांधलेला. त्याच्याखाली डाळीएवढी काळी खपली होती, भाजल्यासारखी.

"कडं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मोबाईलवर वाचलं."

"तो रोग आपल्याकडे क्वचितच. आपल्याकडचा गोचडीचा ताप वेगळा. त्यात कडं येत नाही. कधी अशी खपली असते, कधी तीही नसते. आधी ताप, मग हातापायावर पुरळ, तळव्यावरसुद्धा." त्या लिहीत होत्या. "औषध साधं आहे, पण वेळेवर हवं. अजून दोन दिवस घालवले असते ना..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. नर्सला हाक मारली.

मग विचारलं, "घरी जनावरं आहेत?"

साखराबाई नाही म्हणाल्या.

"मग ही रोज बसते-झोपते कुठे?"

मी म्हटलं, "संध्याकाळी माझ्याकडे येते. आमच्या वाडग्यात. शेळ्या होत्या तिथे, पण त्या तर आम्ही..."

माझंही वाक्य पुरं झालं नाही. मी पायरीवर येऊन बसले ती अजून इथेच आहे. तिची शुद्ध नीट नाही. 'आई, आई' म्हणून हाका मारते, आणि आई पश्चिमेकडे कुठल्या तरी कारखान्याच्या फडात आहे. साखराबाईंनी शपथ घातलीय, जानकीला कळवायचं नाही, तिच्या जिवाला तिकडे घोर नको. खरं सांगायचं तर ती शपथ मला हवीच होती.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कपडे न्यायला दुपारी घरी आले. आधी वाडग्यात गेले.

आतल्या कोपऱ्यातला तेराच्या पाढ्याचा तक्ता काढला. मागे हातभर भेग. बॅटरी लावली, काही दिसलं नाही. मग तोंड जवळ नेलं आणि हळूच श्वास सोडला, बाटलीत सोडायचे तसा. आधी काहीच नाही. पुन्हा सोडला. भेगेच्या काठावर दोन पाय आले. त्यांच्या बाजूला आणखी दोन. मग सगळा काठच हलायला लागला. चाळिसापर्यंत मोजले आणि मोजायचं सोडलं.

एवढं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नसेल, आणि तिथेच मला उलटी झाली. दोन्ही खरं आहे म्हणून दोन्ही लिहितेय.

सटवाआजा बाहेर उभा होता. मी त्याला हाताला धरून आत आणलं, श्वास सोडून दाखवला. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"आत्ता कळालं," तो म्हणाला. "शेरडं नेली, कुत्रं नेलं. ह्ये हितंच राह्यले उपाशी. अन् तुमी लेकरं आनून बशिवली म्होरं."

"आजा, मी तुम्हाला हसले होते. फळ्यावर लिहिलं होतं."

"मला बी कुटं ठाव व्हतं? मला वाटायचं, देवाचं काय तरी असंल. बाप मरून पन्नास वर्सं झाली बघ, आज समजलं मला म्हातारा कशाला वरडायचा." त्याने डोळे पुसले आणि आणखी एकदा भेगेत फुंकून बघितलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरबाईंचा फोन. दीपमालाचा ताप शंभरापर्यंत उतरला. तिने स्वतः मागून पेज खाल्ली. मी आईच्या गळ्यात पडून मोठ्याने रडले, शेजारचे धावत आले.

मग उरलेल्या दहा घरी गेले. प्रत्येक लेकराचे सगळे कपडे काढायला लावून, दोरे, ताईत उचलून बघितलं. दोघांच्या अंगावर गोचड्या होत्या, ताप कुणाला नाही. कुणाला ताप आला तर वाट न बघता थेट गेवराईला न्या, असं सांगितलं. आणि हेही सांगितलं, प्रत्येक उंबऱ्यात, की गोचड्या बाभळबनातल्या नाहीत, कुत्र्यांच्या नाहीत, माझ्या खोलीतल्या आहेत. मीच बसवलं होतं भिंतीला.

बहुतेकांनी ऐकून घेतलं. विमलबाईंनी नाही. "शिकलेली म्हणून धाडलं व्हतं लेकरू तुझ्याकडं!" त्यांनी दार लावून घेतलं. आतून अभिमन्यूचं रडणं ऐकू आलं, त्याला शिकवणीला यायचं होतं.

आबा, सटवाआजा आणि गवंडी मिळून भिंती खरवडतायत. आत जाळ केला, औषध मारलं, भेगा बुजवतायत. मला कुणी हात लावू देत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दीपमाला घरी आली. अशक्त आहे, पण भांडते. वहीत तिचं नाव आहे का, हे तिने आधी बघून घेतलं.

साखराबाई म्हणाल्या, "आता बरी झाली. आता तर मुळीच सांगू नको जानकीला." चार दिवस ही शपथ मी अंगावर शालीसारखी घेऊन बसले होते. पण हात माझ्या हातात दिला होता तो साखराबाईंनी नव्हे. संध्याकाळी तोड संपायच्या सुमाराला फोन लावला.

"ताई, बरं हाय ना समदं? दीपी अभ्यास करती का?"

सगळं सांगितलं. मधे थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून थांबले नाही. वाडगं, भिंत, मी कोपऱ्यात बसवलं ते, ताप, कडं शोधत घालवलेले दिवस, काळी खपली, औषध, आता बरी आहे. "वहिनी, माझ्यामुळे झालं. मला काय बोलायचं ते बोला."

पलीकडे बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"काळी खपली म्हंजी कशी, ताई?"

मला वाटलं, ती ऐकतच नाहीये. "भाजल्यासारखी. डाळीएवढी. का?"

"सत्यमला तीन दिस झाले ताप हाय. हितं पाचटाच्या कोपीत बैलाशेजारीच निजतो ना आमी. मुकादम म्हनला, थंडीचा हाय, गोळी दे."

"वहिनी, त्याचे कपडे काढा. सगळे. आत्ता. दोरे उचलून बघा, काखेत बघा, केसांत बघा."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज. सत्यम किरकिरला. ती त्याला चुचकारत होती, आतापर्यंत जसा तिचा आवाज होता तसाच साधा. मग ती परत आली.

"काई न्हाई ताई. अंग साफ हाय. कानामागं तेवढी तीट हाय, काजळाची. रोज लावते मी, दिष्ट लागू नये म्हनून."

"पुसून बघा."

"आँ?"

"तीट पुसून बघा, वहिनी."

पदराचा खसखस आवाज आला. एकदा. मग पुन्हा, जोरात. सत्यम रडायला लागला.

"जाईना, ताई."

मी म्हटलं, निघा. आत्ताच निघा, सकाळची वाट बघू नका, मुकादमाला विचारू नका. ती सुग्रीवभाऊंना हाक मारत पळायला लागली होती, फोन तिच्या हातात तसाच चालू, घंटा मागे पडत गेल्या, आणि मी अंगणात उभी राहून ओरडत होते, डॉक्टरला सांगा गोचीड चावली, ताप नका सांगू नुसता, गोचीड सांगा, कानामागचं दाखवा. पलीकडचा आवाज तुटल्यावरही ओरडत होते. आबांनी येऊन माझ्या हातातून फोन काढून घेतला.